संपीडित ध्वनी आणि पॅकेटचे वेष्टन : वहनक्षमतेच्या अंदाजाचा इतिहास

दूरध्वनीवरील एका संभाषणास जाळ्याची किती वहनक्षमता लागते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अंकगणिताचा आहे. ध्वनीचे संकेतन करणारी पद्धती सेकंदास जितके बिट निर्माण करते तितकी वहनक्षमता लागावयाची, असे कोणासही वाटेल. संपीडनाच्या पद्धती सुधारत गेल्या तसतसा हा आकडा सेकंदास ६४,००० बिटांवरून ८,००० बिटांपर्यंत उतरला, अशीच या विषयाची कथा बहुधा सांगितली जाते. आणि तीवरून जेथे पूर्वी एक संभाषण मावत असे तेथे आता आठ मावतील, असे अनुमान काढले जाते. हे अनुमान चुकीचे आहे. सेकंदास ६४,००० बिट वाहून नेणाऱ्या तारेवर पॅकेटच्या रूपाने अशी संभाषणे पाठवू लागल्यास, वेगळी उपाययोजना केल्याखेरीज, आठ नव्हे तर दोनच मावतात. आठ आणि दोन यांमधील हे अंतर कसे निर्माण झाले आणि ते भरून काढण्याचे कोणते प्रयत्न झाले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पॅकेट-जाळ्यांच्या पूर्वी हा प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा होता. एका संभाषणास एक मार्ग लागणार हे ठरलेले होते. एकंदर मार्ग किती ठेवावेत एवढेच शोधावयाचे होते. कोपनहेगन येथील दूरध्वनी कंपनीत काम करणारे गणितज्ञ आग्नेर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ मध्ये या प्रश्नास संभाव्यतेच्या शास्त्राचा आधार दिला आणि १९१७ मध्ये त्याचे प्रसिद्ध सूत्र मांडले. गर्दीच्या वेळी सरासरीने पाच संभाषणे एकाच वेळी चालू असतील, तर शंभरात एकाहून अधिक प्रयत्न विफल होऊ नयेत म्हणून अकरा मार्ग ठेवावे लागतात, असे त्या सूत्रावरून निघते. पुढील विवेचनासाठी यातील एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. अकराही मार्ग गुंतलेले असताना बारावा मनुष्य आला तर त्याला ‘लाइन व्यस्त आहे’ असा सूर ऐकू येई आणि तो परत फिरे. अंदाज चुकला तर त्याची झळ त्या एकट्यास बसे. आत बोलत असलेल्या अकरांच्या संभाषणास धक्का लागत नसे.

६४,००० हा आकडा कोठून आला हेही पाहिले पाहिजे. ब्रिटिश अभियंता अॅलेक रीव्ह्ज याने पॅरिस येथे १९३७–३८ मध्ये ध्वनीची मूल्ये ठराविक अंतराने मोजून ती अंकांत रूपांतरित करण्याची कल्पना मांडली. दूरध्वनीवरील बोलणे ३०० ते ३,४०० आवर्तनांच्या पट्ट्यात बसविलेले असल्याने सेकंदास ८,००० मोजणी पुरे होतात, आणि प्रत्येक मोजणीस ८ बिट दिले की सेकंदास ६४,००० बिट होतात. या तत्त्वावर अमेरिकेतील बेल कंपनीने १९६२ मध्ये २४ ध्वनिमार्गांची वाहिनी चालू केली. तिची चौकट १९३ बिटांची होती : २४ मार्गांचे प्रत्येकी ८ असे १९२ बिट, आणि चौकटीचा आरंभ कळावा म्हणून एक अधिक. सेकंदास अशा ८,००० चौकटी गेल्या की १५,४४,००० बिट होतात. युरोपाने ३२ घरांची, सेकंदास २०,४८,००० बिटांची वाहिनी स्वीकारली. भारतातही तीच रूढ झाली.

त्या १९३ बिटांच्या चौकटीत ध्वनीखेरीज दुसरे जे काही आहे ते एकच बिट आहे. कोणाचा ध्वनी कोणाकडे जावयाचा हे सांगण्यासाठी तेथे वेगळा पत्ता लागत नाही, कारण काळाच्या क्रमातील जागा हाच पत्ता असतो. पाचव्या घरात जे येईल ते पाचव्या संभाषणाचे. आगगाडीच्या डब्यातील राखीव बाकासारखी ही व्यवस्था आहे : प्रवासी आला नाही तरी बाक रिकामे जाते, परंतु बसलेल्यास आपले नाव पुनःपुन्हा सांगावे लागत नाही.

बाक रिकामे जाते, हा दोष अभियंत्यांच्या ध्यानात फार लवकर आला होता. संभाषणात एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकत असतो, आणि बोलणाराही मध्ये थांबतो. त्यामुळे कोणत्याही एका दिशेने प्रत्यक्ष ध्वनी जाण्याचा काळ सुमारे चाळीस टक्केच भरतो. १९५६ मध्ये सुरू झालेल्या अटलांटिक महासागराखालील पहिल्या दूरध्वनी-केबलवर एकेक मार्ग अत्यंत मोलाचा होता. तेथे १९६० मध्ये मौनाच्या क्षणी मार्ग काढून घेऊन तो बोलत असलेल्या दुसऱ्या व्यक्तीस देणारी यंत्रणा बसविण्यात आली आणि ३७ मार्गांवर ७२ संभाषणे चालू लागली. पॅकेट-जाळ्यांच्या मागे असलेली कल्पना, म्हणजे ज्यास गरज आहे त्यालाच आणि गरज असेल तेव्हाच मार्ग द्यावा ही कल्पना, येथे बीजरूपाने दिसते.

ध्वनीच्या संपीडनाची परंपरा मात्र वेगळ्या दिशेने वाढत होती. होमर डडली याने बेल प्रयोगशाळेत १९२८ पासून व्होकोडरचे काम आरंभिले. बोलणाऱ्याच्या घशातून निघणारा तरंग जसाच्या तसा पाठविण्याऐवजी घसा, जीभ आणि ओठ यांच्या मंद हालचालींचे वर्णन पाठवावे, हे त्याचे तत्त्व होते. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यामधील गुप्त संभाषणांसाठी ते वापरले गेले. ते यंत्र पन्नास टनांहून जड होते. पुढे १९६० च्या दशकात जपानमध्ये इताकुरा व साइतो यांनी, आणि बेल प्रयोगशाळेत कानपूर येथे जन्मलेले व बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले बिष्णू अटल यांनी, मागील मूल्यांवरून पुढील मूल्याचे भाकीत करण्याच्या पद्धती विकसित केल्या. अटल आणि श्रोडर यांनी १९८५ मध्ये मांडलेली पद्धती तर त्या काळी क्रे-१ या महासंगणकासही जड गेली. एका सेकंदाच्या बोलण्यासाठी त्याला सुमारे सव्वाशे सेकंद लागत. पुढील दशकात तिचेच सुधारलेले रूप खिशात मावणाऱ्या यंत्रात शिरले.

या दोन परंपरांची गाठ पडली ती १९७४ मध्ये. पॅकेटच्या जाळ्याची कल्पना मांडताना पॉल बॅरन याने १९६० च्या दशकाच्या आरंभीच त्यातून बोलणेही पाठविता येईल असे गृहीत धरले होते. परंतु १९६९ मध्ये उभारलेले आर्पानेट हे संगणकांचे जाळे होते आणि त्याच्या तारा सेकंदास ५०,००० बिटांच्या होत्या. दूरध्वनीचा एक साधा ६४,००० बिटांचा मार्गही तीत मावत नव्हता. अर्थात संपीडन ही येथे काटकसर नव्हती. तिच्यावाचून प्रयोगच अशक्य होता. ऑगस्ट १९७४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील डॅनी कोहेन यांचा गट आणि मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळा यांच्यात पॅकेटद्वारा बोलणे झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात भाकिताच्या पद्धतीने सेकंदास सुमारे ३,५०० बिटांपर्यंत संकोचलेला ध्वनी याच जाळ्यावरून गेला.

या प्रयोगांचे महत्त्व बोलणे ऐकू आले एवढ्यात नाही. त्या पद्धतीत १९.२ मिलिसेकंदांचा ध्वनी ६७ बिटांत बसत असे. आता एवढ्या लहान तुकड्यास स्वतंत्र पॅकेट द्यावे तर त्यावरील पत्ता, क्रमांक आणि वेळेची नोंद यांचेच ओझे ध्वनीहून अधिक व्हावयाचे. म्हणून कोहेन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमावलीत ध्वनीचा तुकडा आणि पॅकेट यांत भेद केला : अनेक तुकडे एका पॅकेटात घालावेत आणि बोलणारा थांबला असता काही पाठवू नये. असे सात तुकडे एकत्र केले तर ध्वनीचे ४६९ बिट होतात आणि वेष्टनाचे प्रमाण घटते. परंतु सातवा तुकडा भरेपर्यंत पहिल्या तुकड्यास सुमारे १३४ मिलिसेकंद थांबावे लागते, आणि हा सारा काळ पॅकेट घराबाहेर पडण्यापूर्वीच खर्च होतो. वहनक्षमता वाचवावी तर विलंब वाढतो आणि विलंब वाचवावा तर वेष्टन वाढते. पुढील पन्नास वर्षांतील सर्व अंदाज याच पेचाभोवती फिरत राहिले आहेत.

आणखी एक निर्णय याच गटाच्या आग्रहातून झाला. संगणकांतील माहिती हरवली तर ती पुन्हा मागविता येते. बोलण्याचे तसे नाही. उशिरा आलेले अक्षर हे न आलेल्या अक्षराइतकेच निरुपयोगी असते. जाळ्यांच्या ग्रंथांत या भेदास दूध आणि मद्य यांची उपमा देतात : मद्य जुने चांगले, दूध ताजेच हवे. दुधाची वाहतूक मद्याच्या नियमांनी होऊ नये म्हणून १९७८ मध्ये मूळ नियमावली दोन भागांत विभागण्यात आली, आणि पुन्हा मागणी न करणाऱ्या वाहतुकीसाठी १९८० मध्ये केवळ आठ बाइटांचे साधे वेष्टन ठरले. त्याखालील पत्त्याचे वेष्टन १९८१ च्या नियमांप्रमाणे किमान वीस बाइटांचे होते. ज्यांनी हे आकडे ठरविले त्यांच्यासमोर दहा-वीस बाइटांचा माल नव्हता, हे त्यांच्या बाबतीत न्यायाने म्हटले पाहिजे.

वेष्टन आणि विलंब यांचा झगडा किती टोकास जाऊ शकतो, याचे उत्तम उदाहरण १९८९ मधील आहे. दूरध्वनी-खात्यांनी भावी जाळ्यासाठी ए.टी.एम. नावाची व्यवस्था योजिली होती (पैसे देणाऱ्या यंत्राशी या आद्याक्षरांचा काहीही संबंध नाही). तीत सर्व पॅकेटे एकाच आकाराची असावयाची होती. तो आकार किती, यावर आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीत मतभेद झाला. युरोपीय देशांस ३२ बाइटांचा माल हवा होता, अमेरिकेस ६४ बाइटांचा. असंपीडित ध्वनीचे ३२ बाइट भरण्यास ४ मिलिसेकंद लागतात, ६४ भरण्यास ८. फ्रान्ससारख्या देशात अंतरे लहान. तेथे ४ मिलिसेकंदांत काम भागल्यास देशांतर्गत संभाषणांत प्रतिध्वनी नाहीसा करणारी खर्चिक यंत्रे बसविण्याची गरज पडत नव्हती. अमेरिकेची अंतरेच एवढी मोठी की ती यंत्रे तेथे असावयाचीच, मग वेष्टनावर उधळपट्टी कशासाठी ? शेवटी दोहोंच्या मधला ४८ हा आकडा निवडला गेला आणि त्यावर ५ बाइटांचे वेष्टन मिळून ५३ बाइट झाले. कोणत्याही गणिताने ५३ हा आकडा सिद्ध होत नाही. तो तहाचा आकडा आहे. ज्या ध्वनीसाठी ही तडजोड झाली तो असंपीडित होता, हे त्या वेळी कोणास खटकल्याचे दिसत नाही.

१९९५ मध्ये इस्रायलमधील व्होकलटेक या कंपनीने घरगुती संगणकावरून इंटरनेटद्वारा बोलण्याची आज्ञावली विक्रीस आणली. जानेवारी १९९६ मध्ये ध्वनीच्या पॅकेटांवर क्रमांक व वेळ नोंदविणारी आर.टी.पी. ही नियमावली प्रसिद्ध झाली; तिचे वेष्टन किमान १२ बाइटांचे. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जी.७२९ ही संपीडनाची पद्धती मान्य केली. ती दर १० मिलिसेकंदांच्या ध्वनीचे १० बाइट करते, म्हणजे सेकंदास ८,००० बिट. आरंभी उल्लेखिलेला आठपटीचा दावा याच आकड्यावर उभा आहे.

त्याची तपासणी अशी करता येईल. दोन तुकडे मिळून २० मिलिसेकंदांचा ध्वनी २० बाइटांत बसतो. त्यावर २०, ८ आणि १२ मिळून ४० बाइटांचे वेष्टन चढते. वीस बाइटांचा माल, चाळीस बाइटांची पेटी. अशी ६० बाइटांची ५० पॅकेटे सेकंदास गेली की २४,००० बिट होतात. तारेच्या दोन टोकांमधील चौकटीचे ६ बाइट धरल्यास २६,४००. साध्या इथरनेटवर चौकटीचे १८ बाइट मिळविले तर ३१,२००. आणि ए.टी.एम.च्या जाळ्यावर तर विलक्षणच प्रकार होतो : ६० बाइटांचे पॅकेट त्याच्या जोडभागांसह ४८ बाइटांच्या एका पेशीत मावत नाही, म्हणून दोन पेशी लागतात, दुसरी बरीचशी रिकामी जाते आणि संभाषणास सेकंदास ४२,४०० बिट पडतात. ध्वनीसाठीच ज्याचा आकार इतक्या वादाने ठरविला त्या जाळ्यावर संपीडित ध्वनी सर्वांत महाग पडावा, हा इतिहासाचा विनोदच म्हटला पाहिजे.

असंपीडित ध्वनीचा हिशेब याच रीतीने केला तर २० मिलिसेकंदांत १६० बाइट, वेष्टनासह २००, म्हणजे सेकंदास ८०,००० बिट होतात. तेथे वेष्टनाचा भाग एकपंचमांश आहे. संपीडनानंतर तो दोनतृतीयांश झाला. ध्वनी आठपट आटला. खर्च सव्वातीन पटीच्या आसपास उतरला. ध्वनीचे शास्त्र जसजसे पुढे गेले तसतशी त्याच्या यशाची फळे पत्त्यांनी खाल्ली.

प्रत्येक पॅकेटात अधिक ध्वनी भरणे हा यावरील सर्वांत सोपा उपाय. जी.७२९ च्याच बाबतीत, चौकट सोडून, १० मिलिसेकंदांच्या पॅकेटास सेकंदास ४०,००० बिट लागतात, २० ला २४,०००, ४० ला १६,००० आणि ६० ला सुमारे १३,३००. परंतु संभाषण सुखाने चालावे म्हणून एका दिशेचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, आणि त्यातले ६० आरंभीच खर्चणे परवडत नाही. याहून मोठा तोटा हरवण्याचा. ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद एका क्षणिक स्फोटात आणि त्याला लागून असलेल्या स्वराच्या वळणात साठविलेला असतो. वीस मिलिसेकंद हरवले तर ग्राहक-यंत्र मागील ध्वनी ताणून ती जागा बऱ्यापैकी बुजविते. साठ हरवले तर व्यंजनच जाते, आणि ऐकणाऱ्यास ‘काय म्हणालात?’ असे विचारावे लागते. त्या प्रश्नोत्तरात जाणारी वहनक्षमता कोणत्याही कोष्टकात धरलेली नसते !

दुसरा उपाय वेष्टनच आटविण्याचा. एकाच संभाषणाच्या लागोपाठच्या पॅकेटांवरील पत्ते तेच असतात आणि क्रमांक एकेकाने वाढतो. मग प्रत्येक वेळी सर्व लिहिण्याची गरज काय? व्हॅन जेकबसन यांनी १९९० मध्ये संगणकीय माहितीसाठी ही युक्ती योजिली होती. १९९९ मध्ये स्टीफन कॅस्नर आणि जेकबसन यांनी ती ध्वनीस लावली आणि ४० बाइट २ ते ४ बाइटांवर आणले. कॅस्नर हे १९७० च्या दशकात कोहेन यांच्या गटात पॅकेट-ध्वनीचे प्रयोग करीत होते; तेव्हाचा पेच त्यांनी पंचवीस वर्षांनी पुन्हा हाती घेतला असे म्हणता येईल. या पद्धतीने चौकटीसह एका संभाषणास ११,२०० बिट पुरतात आणि ६४,००० बिटांच्या तारेवर दोनाऐवजी पाच संभाषणे मावतात. मात्र ही सवलत त्या एका तारेपुरतीच असते. पलीकडच्या टोकास वेष्टन पुन्हा पूर्ण उघडावे लागते, आणि वाटेत एक पॅकेट गळाले तर पुढील काही पॅकेटे उलगडत नाहीत.

तिसरा उपाय मौनाचा. बोलणारा थांबला असता पॅकेट पाठवू नये, म्हणजे चाळीस टक्क्यांत काम भागेल, असे हिशेब अनेकदा मांडले गेले. येथे १९६० च्या केबलचा अनुभव बारकाईने वाचावयास हवा. तेथे ३७ मार्गांवर ७२ बोलणारे होते. प्रत्येकजण चाळीस टक्के काळ बोलतो असे धरले तर ३७ हून अधिक जण एकाच वेळी बोलू लागण्याची संभाव्यता सुमारे दोन टक्के येते. आता हाच न्याय एखाद्या लहान कचेरीच्या पाच संभाषणांस लावून तिघांपुरतीच तार घेतली, तर चार किंवा पाचही जण एकाच वेळी बोलण्याची संभाव्यता नऊ टक्क्यांच्या जवळ जाते. तार प्रमाणाने अधिक देऊनही तूट चौपटीहून मोठी. मौनाची बचत मोठ्या समुदायातच पदरात पडते. लहान जागी तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

हा धोका कोणास भोवतो, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. एर्लांगच्या जगात बाराव्यास व्यस्ततेचा सूर मिळे. पॅकेट-जाळे स्वभावतः कोणास नाही म्हणत नाही. ६४,००० बिटांच्या तारेवर तिसरे संभाषण आले तर तेही आत घेतले जाते, रांग लांबते, पॅकेटे गळू लागतात आणि तिघांचेही बोलणे तुटते. अंदाजातील चूक पूर्वी एकाच्या माथी येई. आता ती सर्वांत वाटली जाते, आणि म्हणूनच ती शोधणे कठीण होते. ‘आठ मावतील’ या भरवशावर घेतलेल्या तारेवर दुपारी बोलणे स्वच्छ ऐकू येते आणि सकाळच्या गर्दीत कोणाचेच येत नाही. प्रवेशावर नियंत्रण ठेवून अंदाजाबाहेरच्या संभाषणास बाहेरच थांबविण्याची व्यवस्था जाळ्यांत मागाहून बसवावी लागली. म्हणजे एर्लांगचा व्यस्ततेचा सूर हेतुपुरस्सर परत आणावा लागला. त्यातच एखादे १,५०० बाइटांचे संगणकीय पॅकेट अशा तारेवर शिरले तर ते बाहेर पडेपर्यंत १८७.५ मिलिसेकंद जातात, म्हणजे विलंबाचा सगळा दंडक एका पॅकेटापायी संपतो. म्हणून अशी पॅकेटे तोडून ध्वनीस मध्ये वाट देण्याचे नियमही १९९९ मध्ये करावे लागले.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. त्या वेळच्या सेकंदास ९,६०० बिटांच्या जोडणीवर ८,००० बिटांचा ध्वनी कागदावर मावत होता. वेष्टनासह मात्र त्याला जोडणीच्या अडीचपट जागा लागली असती. इंटरनेटद्वारा दूरध्वनीस कायदेशीर परवानगी मर्यादित स्वरूपात १ एप्रिल २००२ रोजी मिळाली. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या रिलायन्स उद्योगसमूहाने चालू केलेल्या जिओच्या जाळ्यात तर दूरध्वनीचा जुना मार्ग ठेवलेलाच नव्हता; तेथील प्रत्येक संभाषण आरंभापासून पॅकेटांचे होते.

आता घरापर्यंत आलेल्या काचतंतूवर २४,००० बिटांची मातब्बरी उरलेली नाही. तथापि बिनतारी लहरींचा पट्टा ताणता येत नाही, आणि हा जुना हिशेब आज तेथे वास करून आहे. चौथ्या पिढीच्या मोबाइलवर वापरल्या जाणाऱ्या रुंद पट्ट्याच्या पद्धतीत, सेकंदास १२,६५० बिटांच्या दराने, २० मिलिसेकंदांचा ध्वनी सुमारे ३३ बाइटांत मावतो. दरम्यान पत्त्यांची टंचाई झाल्याने नवे पत्ते लांब झाले, पत्त्याचे वेष्टन २० वरून ४० बाइटांचे झाले आणि एकूण वेष्टन ६० बाइटांवर गेले. लहरींत गळती अधिक असल्याने १९९९ ची युक्ती तेथे टिकत नव्हती; म्हणून गळती सोसणारी, वेष्टन आटविण्याची नवी पद्धती २००१ मध्ये निश्चित करण्यात आली. तिच्या बळावर हातातील फोनपासून मनोऱ्यापर्यंत ते साठ बाइट दोन-चार बाइटांचे होऊन जातात, आणि मनोऱ्यापाशी उलगडून पुढे पूर्ण वेष्टनासह काचतंतूत शिरतात.